टपावरचा पोल आणि अणदूरची फेरी

पहाटे साडेपाचला पुण्यातून निघताना वॉचमनने गाडीच्या टपावर बांधलेल्या लांब पाइपकडे बघून विचारलं, "मॅडम, गावाकडं बोअर घेताय का?" मी हो म्हणाले. इतक्या सकाळी बांबूउडी म्हणजे काय हे समजावून सांगण्याइतकी मी चांगली नाही.

पाइपच्या आत माझा पोल होता. बारा फुटांचा, फायबरचा. कॉलेज संपताना मी शेवटची उडी त्यावर मारली आणि मग वीस वर्षं तो हॉलच्या भिंतीवर आडवा टांगून ठेवला. माझी तेव्हाची मैत्रीण सुनंदा आता लोहाऱ्याच्या शाळेत खेळ शिकवते. तिची एक विद्यार्थिनी, सोनाली, साध्या बांबूवर उड्या मारून तालुक्यात पहिली आली होती. दुसऱ्या दिवशी धाराशिवला निवड चाचणी होती, आणि तिथं साध्या बांबूवर तिचा निभाव लागणार नव्हता. पण नव्या पोलवर आदल्या दिवशी हात बसला नाही तर तो असून नसल्यासारखाच. म्हणजे उजेड असेपर्यंत मला लोहारा गाठायचं होतं. पोल मी उसना देणार होते. चाचणी झाली की परत. सुनंदाला हे मी दोनदा बजावलं होतं.

या प्रवासासाठी गाडीच्या टपाला मुद्दाम रूफ रेल (सामान बांधायचे दांडे) बसवून घेतले होते. चंदेरी, चकचकीत. दुकानात बघताक्षणी भुलले आणि काहीही विचारलं नाही.

सोलापूर मागे पडल्यावर नळदुर्गचा सरळ रस्ता सोडून मी तुळजापूरकडे वळले, कारण मला घाट बघायचा होता. दिवाळी नुकतीच झाली होती. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, ज्वारी घोट्याएवढी झाली होती आणि उन्हात सगळं शिवार पेंगत होतं. मीही जवळजवळ त्याच अवस्थेत होते. तामलवाडीपाशी रस्त्याकडेचे एक म्हातारे शेतकरी दोन्ही हात हलवू लागले, तेव्हा मला वाटलं, किती प्रेमळ लोक आहेत! मीही हात हलवला.

"ताई, हात काय करताव! टपावरलं निघालंय बगा!"

उतरून पाहिलं तर एका बाजूचा रेल मागून सुटून हवेत आला होता आणि पाइप तिरका झाला होता. फायबरच्या पोलला बारीक चरा पडला तरी तो उडीच्या वेळी मधोमध तुटू शकतो, आणि तुटला तर वर मुलगी असते. मी पाइप उघडून पोलवर बोटं फिरवली. वरखडला नव्हता. म्हाताऱ्यांनी आपल्या बैलांचा कासरा (दोर) काढून सगळं पुन्हा बांधून दिलं.

"सावकाश अणदूरला जावा," ते म्हणाले. "तितं इस्माईलभाई हाय. जीपांची कॅरिअर करतो. त्याच्या कामाला मरान न्हाय."

तिथून अणदूरपर्यंत मी इतकी हळू गेले की एक सायकलवाला मला मागे टाकून गेला. घाटात ऊन खडकावर झोपलं होतं, वर एक घार एकाच जागी थांबली होती, आणि मला अधूनमधून खरंच कळत नव्हतं की मी पुढे जातेय की रस्ता मागे सरकतोय.

इस्माईलभाई साठीचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी उरलेला रेल दोन बोटांनी उपटला.

"ताई, हे तर चिकटवल्यात. टिकलीवानी. शोभेचे हायेत."

त्यांनी टपाच्या कडेची रबरी पट्टी उचकटली. खाली बोल्टसाठी आटे पाडलेली भोकं होती. "कंपनीनं जागा देऊन ठेवलीया. उघडून बगतच न्हाय कुनी. तुमी जेवा, तवर करतो."

त्यांच्या बायकोने, चाचींनी, धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट, मऊ भाकरी) आणि दही दिलं. जेवून लिंबाखालच्या बाजेवर जरा टेकले आणि गाढ झोपले. स्वप्नात कुठेतरी लोखंड कापल्याचा आवाज येत होता, दूरच्या देवळातल्या घंटेसारखा गोड.

जागी झाले तेव्हा साडेतीन वाजले होते. टपावर दोन रेल, त्यांना आडवे दांडे, धरायला कठडा आणि मागे शिडीसुद्धा.

"चाचा, मला फक्त पाइप न्यायचाय!"

"आज पाइप हाय. उंद्या मानूस बसंल. हितं टप रिकामा कुटं ऱ्हातोय?"

त्यांचंही बरोबर होतं. आयुष्यभर त्यांनी वडापच्या जीपच (माणसं भरून नेणाऱ्या) पाहिलेल्या. मी घाईने किल्ली मागितली. त्यांनी मान हलवली.

"पैली फेरी मी वर बसून घेनार. मग मालकानं बसायचं. त्याबिगर म्या गाडी देत न्हाय."

माझं डोकं फिरलं. ऊन कलत होतं. एका मुलीची उडी तिथं अडली आहे, असं मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.

"यकदा लगीनघाई हुती म्हनून तसंच दिलं," ते म्हणाले. "वर माझाच मेव्हणा हुता. त्याचा पाय गेला."

मी स्टिअरिंगवर बसले. ते वर. एक फेरी झाली. मग मी वर चढले आणि ते गाडी चालवायला लागले, चालण्याच्या वेगाने.

वर कठड्याला धरून बसले आणि एकदम सगळं शांत झालं. घरांचे पत्रे खाली गेले. भुसकटाचे ढीग, खंडोबाच्या देवळाचा कळस, पलीकडे निळसर माळ. माझे डोळे जमिनीपासून नऊएक फुटांवर असतील. ही उंची माझ्या ओळखीची होती. उडीच्या वर, खाली पडायच्या आधी, एका श्वासापुरतं जग असंच दिसायचं. वीस वर्षं मी काठी जपत बसले होते आणि मला हवं होतं ते हे! मला फार आनंद झाला, आणि लगेच फार वाईट वाटलं.

खाली उतरल्यावर इस्माईलभाईंनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून पाइप बांधला. "पोरीला म्हनावं, बिनघोर उड."

लोहाऱ्याला पोचले तेव्हा वीसेक मिनिटांचा उजेड उरला होता. शाळेच्या मैदानावर सोयाबीनचं भुसकट भरलेल्या पोत्यांची गादी रचली होती. सोनाली किडकिडीत, सोळा वर्षांची. तिने हात ओढणीला पुसले आणि मगच पोलला लावले. पहिल्यांदा ती नुसतीच पळत गेली. दुसऱ्यांदा पोलने तिला मागे परत टाकलं. तिसऱ्यांदा पोल वाकला, सरळ झाला आणि मुलगी वरून पलीकडे गेली. भुसकटाची धूळ उडाली आणि संध्याकाळच्या उजेडात तशीच तरंगत राहिली.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला तिची निवड झाली. मी निघाले तेव्हा ती पोल पाइपमध्ये घालून, पाइप खांद्यावर घेऊन गाडीपाशी आली आणि टपावर चढवायला लागली.

"खाली घे तो," मी म्हणाले.

ती घाबरली. "वरखडला न्हाय मॅडम. म्या नीट पुसून आनलाय."

"न्यायचा नाहीये मला."

तिला उमगायला जरा वेळ लागला. मग तिने पाइप दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि खाली मान घालून उभी राहिली.

सोलापूर ओलांडल्यावर मला रडू आलं. लोकांना मी सांगते, आनंदाने आलं. खरं म्हणजे पोल गेल्याचं वाईट वाटत होतं, अगदी पुण्यापर्यंत वाटत होतं. पण गाडी मागे वळवावी असं एकदाही वाटलं नाही.