पाइपातला मऊपणा

ऐंशीच्या दशकात मी मालवणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. घरचं खोबरेल वहिनी घाण्यावरून काढून आणी आणि पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरून ठेवी. डब्यातून बाटलीत तेल काढायला दादाने कसालच्या बाजारातून मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा पाइप आणला होता. तो कायम डब्यातच बुडालेला असे.

काही महिन्यांनी एका सकाळी वहिनीने मला हाक मारली. पायांवर तिची तान्ही लेक होती, मालीश अर्धीच झाली होती.

"भावजी, ह्यो पाइप बघा. दोरीसारखो वाकायचो, आता काठी झालो. ह्येचो मऊपणा खंय गेलो?"

पाइप हातात घेतला तसं कॉलेजात शिकलेलं आठवलं. हे प्लास्टिक मुळात कडक. ते वाकावं म्हणून त्यात थॅलेट नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. तो प्लास्टिकशी पक्का जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो, आणि तेलाशी गाठ पडली की त्यात उतरतो. हे मी तिला सांगितलं.

तिने बाळाच्या पोटावरचा हात उचलला.

"म्हणजे तो ह्या तेलात आसा. विष आसा काय ता?"

"माका ठाऊक नाय, वयनी."

दादा ओसरीवरून म्हणाला, "अख्खो बाजार असलेच पाइप वापरता. कोणाक काय झाला?"

वर्गात फळ्यासमोर कधी इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा माझ्या जुन्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, उंदरांना हा पदार्थ भरपूर खाऊ घातला की यकृतावर परिणाम दिसतो. पण माणसाच्या पोटात थोडासा गेला तर काय होतं, ते अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घाबरू नका, पण तेलात पाइप ठेवूही नका.

परत येऊन वहिनीला हे सांगितलं. तिने केव्हाच ते तेल दिव्यांसाठी बाजूला काढलं होतं, डबा घासून नवं तेल भरलं होतं आणि पितळेची पळी ठेवली होती.

"सरांनी बरा म्हटला आसता, तरी ता तेल मी चेडवाक लावचंय नाय," मांडीवरच्या लेकीकडे बघत ती शांतपणे म्हणाली.

पुतणी धडधाकट वाढली. त्यावरून ते तेल निर्धोक होतं असं मी कधी म्हटलं नाही, घातक होतं असंही नाही. शाळेत मात्र त्यानंतर, जे ठाऊक नसेल ते ठाऊक नाही असं मुलांना सरळ सांगायला लागलो.