पंचफुलाबाईचं उकळलेलं पाणी

सेलूजवळच्या त्या खेड्यातली निम्मी पोरं पंचफुलाबाईच्या हातावर जन्मली होती. ती गावची दाई. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवसांचं शिक्षण घेतल्यापासून तिचा एकच हट्ट असे: तान्ह्या लेकराच्या पोटात कच्चं पाणी जाता कामा नये. बाळंतिणीच्या सासूला ती दमच भरायची, "पाणी खदखदा उकळू दे. घाई करू नोको."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिची लेक सपना सासरहून, जाम गावाहून, बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पंधरा दिवसांनी सपनाला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं. मग डब्यातली दूध पावडर आणली. पंचफुलाबाई दारासमोरच्या हातपंपाचं पाणी चुलीवर ठेवायची, अर्धं आटवायची आणि निववून त्यात पावडर कालवायची.

पोर दोन महिन्यांची झाली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसू लागले. मग नखं. ताप नाही, खोकला नाही.

"माय, हिले थंडी वाजून राह्यली काय?" सपनाने विचारलं.

मे महिना होता. पंचफुलाबाईने पोरीची नखं उजेडात धरून पाहिली. हा रंग तिने गावात आधी दोनदा पाहिला होता. दोन्ही लेकरं वरच्या दुधावरची. दोन्ही गेली, आणि काळजात दोष असेल म्हणून लोकांनी मनाची समजूत घातली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोरीचं रक्त काढलं, ते चॉकलेटच्या रंगाचं निघालं. डॉक्टरांनी धावपळ केली, पण दुपारपर्यंत सगळं संपलं. मग त्यांनी विचारलं, "बाळाला पाणी कुठलं देत होता?"

"बोरिंगचं. पण उकळून, साहेब. अर्धं आटवून."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्या पाण्यात नायट्रेट असणार. शेतातल्या खताचं, उकिरड्याचं खाली झिरपतं. तान्ह्या बाळाच्या रक्तात मग प्राणवायू टिकत नाही. उकळून ते जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं."

तिने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच ऐकलं.

महिन्याने पाण्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांचं खरं होतं. पाणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंग फासला गेला. पंधरा दिवस टँकर आला, पावसाळा लागल्यावर बंद झाला. गावची विहीरही तशीच निघाली होती. बायका पुन्हा लाल पंपावर आल्या; दुसरीकडे जाणार कुठे?

एका सकाळी पंचफुलाबाई गावातल्या नत्थूजींकडे गेली. त्यांची नात तीन वर्षांपूर्वी अशीच निळी पडून गेली होती.

"तुमच्या सुनेले पाणी उकळाले मीच लावलं होतं," ती म्हणाली. "त्यानंच गेली पोरगी."

नत्थूजींनी दाराकडे पाहिलं. आत सून भाकरी थापत होती.

"तिले सांगू नोको," ते हळूच म्हणाले. "रोज आपल्याच हातानं उकळलं तिनं."

दुसऱ्या लेकराच्या घरी जाणं पंचफुलाबाईला जमलंच नाही. त्यानंतर बाळंतपणाचं बोलावणं आलं की ती आतूनच नाही म्हणायची. कुणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

दोन हजार साली सपनाला पुन्हा दिवस गेले. पंचफुलाबाईने निरोप धाडला, "बाळंतपणाले माहेरी येऊ नोको." सपना जामलाच राहिली. तिथलं पाणी कसं आहे, ते कुणी तपासलं नव्हतं.