जमातीकडे नोंद नाही

केपवाले चाचा कुठल्याही बाकावर बसण्याआधी वाकून त्याची पाठ वाचत. धक्क्यावर, दवाखान्यात, पोस्टात, कुठेही. काही लिहिलेलं नाही अशी खात्री झाली की मगच टेकत, तेही कडेला. आमच्या खोलीतला दाऊद त्यांना मुद्दाम हाक मारी, "बसा चाचा, बसा! हा बाक मुसलमान हाय, काय बोलायचा नाय." चाचा हसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकत.

त्यांचे वडील आमच्याच गावचे, रत्नागिरीकडचे. तरुणपणी बोटीने दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला गेले आणि तिथलेच झाले. आमच्या किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ. त्यांना आम्ही केपवालेच म्हणतो. चाचा तिकडेच जन्मले, सुतारकाम तिकडेच शिकले. तिकडे बाकांवरही 'फक्त गोऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असे. १९५०च्या दशकात ते मुंबईमार्गे कुवेतला आले आणि आमच्या खोलीवर उतरले. एका गावच्या माणसांनी एक खोली धरायची आणि गावच्या जमातीचं, म्हणजे मुसलमान मंडळींच्या पंचायतीचं, दप्तर तिथेच ठेवायचं, ही आमची रीत. त्या दप्तराचा सेक्रेटरी मी. दिवसा एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होतो; चाचा त्याच कंपनीत सुतार म्हणून लागले.

रंधा मारता मारता ते कायदे सांगत, गावची म्हातारी माणसं जुने पावसाळे सांगतात तसे. "सत्तावीस साली पहिला झाला. त्यात गोरे आणि तिकडचे मूळचे काळे, दोनच. आमचं नावच नाय! मना वाईट वाटलं, आमाला कोणी मोजलंच नाय. एकुणपन्नास साली आमची आठवण झाली. गोऱ्यानं गोऱ्याशीच लग्न करायचं. मग पुढच्या साली, नुसतं एकत्र झोपलं तरी तुरुंग."

"आणि पोलिसांना कळतं कसं?" दाऊदने विचारलं.

"पहाटे येतात. बिछान्याला हात लावून बघतात, दोन्ही बाजू गरम हायत का."



त्यांची बायको हेलन गोरी होती. चपलांच्या दुकानात कामाला. नवा कायदा आल्यानंतर त्यांचा निकाह झाला, एका घरात, पडदे ओढून. कागद पोलिसांच्या हाती लागला तर तिची ओळख पटू नये म्हणून इमामांनी त्यावर फक्त 'हलीमा' लिहिलं. बापाचं नाव नाही, पत्ता नाही. लग्नानंतरही दोघं दोन वेगळ्या गल्ल्यांत राहिली. चाचांनी कुठेतरी घर मिळवायचं आणि तिने मागून यायचं, असं ठरलं. तिथून एकदा बाहेर पडलेल्या हिंदी माणसाला परत घेत नसत, हे ठाऊक असूनही चाचा निघाले. "गोरी बायको हाय, तर चाचा, चाय कोण करतं?" असं कोणी छेडलं की म्हणत, "मीच. तिच्या हातची पाजली तर तू पहिल्या बोटीनं गाव गाठशील."

कंपनीने कुटुंबवाल्यांसाठी थोडी क्वार्टर्स बांधली. त्यातलं एक चाचांच्या नावावर निघालं. त्याची दारं-खिडक्या त्यांनीच बसवली होती. स्वयंपाकघरातली फळी त्यांनी इतकी उंच ठोकली की मी विचारलं, "इथवर हात कोणाचा पोचणार?" "तिचा," ते म्हणाले. "ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच हाय."

अडचण कागदाची आली. निकाहनाम्यावर हलीमा, पासपोर्टवर हेलन. कंपनीचा इंग्रज साहेब म्हणाला, दोघी एकच आहेत असं तुमच्या जमातीचं पत्र आणा, मी व्हिसाला पाठवतो. चाचा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "दोन ओळी लिही, हसन. तुना सगळं माहीत हाय."

मला सगळं माहीत होतं. मी तिचा फोटो पाहिला होता. निकाहाच्या दिवशी शेजारच्यांना आवाज जाऊ नये म्हणून कोणी कसा ग्रामोफोन लावून ठेवला होता, तेही ऐकलं होतं. पण क्वार्टरच्या यादीत चाचांच्या खाली माझं नाव होतं. माझी अमीना चार वर्षं गावी होती. मुलीने मला पाहिलेलं नव्हतं.

मी इंग्रजीत टाइप केलं: 'सदर विवाहाची आमच्या जमातीकडे कोणतीही नोंद नाही.' खाली सही, शिक्का. एकही शब्द खोटा नव्हता. केपटाऊनमधल्या निकाहाची नोंद आमच्या वहीत असणारच कशी? साहेबाने फाइल मिटली. त्या दोघांच्या लग्नाविरुद्ध कुवेतमध्ये एक ओळही लिहिलेली नव्हती. ती मी लिहिली.

चाचा इंग्रजीतच शिकलेले, हे मी सोयीने विसरलो होतो. साहेबाने त्यांना पत्र वाचायला दिलं. संध्याकाळी खोलीवर आले, हातपाय धुतले, आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "हसन, तुझं इंग्रजी सुधारलं हाय." दाऊदला वाटलं, कौतुकच केलं. "मग आता चाय पाज," तो मला म्हणाला. मी पाजली.

अमीना आली, मुलगी आली. त्या फळीखाली अमीनाने अकरा वर्षं स्टूल ठेवलं. फळी खाली घ्यायला मी कुणाला सांगितलं नाही. ती इतकी उंच का, हे अमीना विचारत राहिली आणि मी सांगत नव्हतो.

चाचांनी वफ्राच्या कॅम्पवर बदली मागून घेतली. दक्षिणेला, खजुराच्या बागांपलीकडे वाळूतला कॅम्प. आमच्या भाषेचं तिथे कोणी नव्हतं. वर्षातून एकदा मी जाई. ते चहा देत, अमीनाची, मुलीची चौकशी करत. मी दर वेळी त्या पत्राचा विषय काढायचं ठरवून जाई आणि गावचं बोलून परते. सदुसष्ट साली गेलो तेव्हा त्यांनी रेडिओवरची बातमी सांगितली: अमेरिकेतल्या मोठ्या कोर्टाने तिथले असले कायदे रद्द केले. "आता आमच्याकडं कवा, ते बघायचं," म्हणाले. "हेलन पन्नाशीची झाली. पण येईल. तिला सवय हाय थांबायची."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले, कॅम्पच्या खोलीतच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला कळलं नाही. दफन झाल्यावर कंपनीचा फॉर्म भरायला मला बोलावलं, कारण ओळखीचा मीच. 'पत्नी' या रकान्यात मी लिहिलं: हेलन ऊर्फ हलीमा. कोणी पुरावा मागितला नाही. माझी सही पुरली. तशी ती तेव्हाही पुरली असती.

तिला कळवलं, फॉर्मवर काय लिहिलं तेही. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सरळ, ठसठशीत अक्षरात. तुमचं नाव त्यांच्या पत्रांत नेहमी असे, तिथे माझा एक चांगला दोस्त आहे असं ते लिहीत, असं तिने लिहिलं होतं. फॉर्मची एक नक्कल मिळेल का, अशी विनंती होती. 'आम्हा दोघांची खरी नावं एकत्र असलेला हा पहिलाच कागद आहे,' असं शेवटी होतं.

मी नक्कल काढली, शिक्का मारला, रजिस्टर पोस्टाने पाठवली. आत चिठ्ठी घातली नाही. पोच आली. त्यावर तिने सही करताना चाचांचं आडनाव लावलं होतं.