पायथागोरसचा अलिबागकर शिष्य

दिगंबर कारखानिसांना फोन लावायचा तर आधी गॅसवरचं दूध उतरवून ठेवायचं, हे वेस्ट विंडसरच्या मराठी बायकांना सांगावं लागत नसे. माणूस लाखातला. कुणाला विमानतळावरून आणायचं असो की बर्फात रुतलेली गाडी ढकलायची असो, दिगंबरराव हजर. पण जिभेला हाड नव्हतं. पाणी मागितलं की आधी नळाचा इतिहास ऐकावा लागे. पंधरा वर्षांपूर्वी ते अलिबागहून अमेरिकेत आले आणि एका संशोधन कंपनीत आकडेमोडीच्या कामाला लागले. तिथे जे बोलू देत नसत, ते सगळं घरी आणून ओतत.

बायको मालिनी सरावली होती. चौदा वर्षांची संध्या मात्र सरावली नाही. नववीत जॉमेट्री सुरू झाली तेव्हा तिनं बाबांना एक गणित विचारलं. बाबांनी दोन तास बौधायनाची शुल्बसूत्रं सांगितली, पायथागोरस हा कसा मागाहून आलेला उपटसुंभ ते सांगितलं, आणि गणित होतं तिथेच राहिलं. तेव्हापासून पोरगी 'फाइन', 'ओके' आणि 'नथिंग' या तीन शब्दांवर भागवत होती. दिगंबररावांना हे फार लागलं. एकुलती एक लेक समोर बसून जेवते आणि आपल्याशी बोलत नाही, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. यावर त्यांना एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे आणखी बोलणं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात लायब्ररीनं जुनी पुस्तकं विकायला काढली, त्यात पायथागोरसचं चरित्र होतं. शत्रूची माहिती असलेली बरी म्हणून त्यांनी ते घेतलं, आणि वाचता वाचता त्यांचाच निकाल लागला. हा गृहस्थ म्हणे मांस खात नसे, पुनर्जन्म मानत असे. एकदा कुणाला कुत्र्याला मारताना पाहून 'थांबा, यात माझा मित्र आहे, मी आवाज ओळखला' असंही म्हणाला होता. उजव्या पायात आधी जोडा घाला, विस्तव सुरीनं ढोसू नका, असले नियम तर थेट आजोबांच्या तोंडचे.

"अगं, याची फक्त मुंज व्हायची राहिली होती!" दिगंबरराव ओरडले, आणि बौधायनाला न विचारता त्यांनी गुरू बदलला.

अलिबागच्या माणसानं मासे सोडले, तेव्हा मालिनीनं सर्दी झाली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. पण गुरूची दुसरी आज्ञा होती, शेंगांतलं कडधान्य खायचं नाही. नेमके त्याच आठवड्यात मालिनीच्या आईनं धाडलेले कडवे वाल आले होते. तिनं ते भिजवले, फडक्यात बांधून ओव्हनमधल्या दिव्याच्या उबेला मोड आणले, दोन संध्याकाळी बसून एकेक डाळिंबी सोलली आणि नारळ घालून बिरडं केलं. दिगंबररावांनी वाटी बाजूला सारली.

"पायथागोरस वाल खात नसे. शत्रू पाठीशी लागले तरी म्हणे तो शेंगांच्या शेतात पाय टाकेना, तिथेच मेला."

"त्याला माझ्या आईनं वाल पाठवले नव्हते," मालिनी म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली.

त्यानंतर दिगंबररावांनी पाऊण तास व्याख्यान दिलं. शेवटी शेवटी त्यांनी जाहीर केलं, की पायथागोरसच्या शिष्यांना पाच वर्षं मौन पाळावं लागे. कंपनी एवढी रजा देणार नाही, म्हणून आपण पाच दिवस पाळणार, उद्या संध्याकाळी सातपासून. घोषणा स्पष्ट होती. पण पाऊण तासानंतर त्या घरात कुणी ऐकत नसे.

दुसऱ्या दिवशी सातला दिगंबरराव गप्प झाले. मालिनीनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जेवायला बोलावलं, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा अबोला! वालावरून! सतरा वर्षांच्या संसारात अबोला धरायचा हक्क तिचा होता, तो या माणसानं पळवला. त्यांनी घाईनं खुलाशाची चिठ्ठी लिहून पुढे केली, ती न वाचताच केराच्या डब्यात गेली.

"संध्या, तुझ्या बाबांना सांग, मी इथे पोस्ट ऑफिस उघडलेलं नाही. आणि पोळ्या झाल्यात."

बाबा चार फुटांवर बसले होते.

"आई, ही कॅन हिअर यू!"

"मी तुला सांगतेय."

"बाबा, पोळ्या आर रेडी." बाबांनी मान हलवली. "आई, ही नॉडेड."

ऑफिसात त्यांनी घसा बसल्याचं लिहून कळवलं. तिथे कुणाला वाईट वाटलं नाही, उलट सोमवारची मीटिंग वीस मिनिटांत संपली. घरी मात्र संध्याच्या खेपा वाढत गेल्या. बाबांचा डबा, बाबांचे मोजे, बाबांना आलेला फोन. तिसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन बेसमेंटमध्ये बसलेल्या बाबांकडे आली आणि कंटाळून पायरीवरच बसली.

"यू रिअली वोन्ट टॉक? काहीच नाही बोलणार?"

मान हलली.

"ओके. देन आय कॅन टेल यू. मला जॉमेट्रीत बावन्न मिळाले."

दिगंबररावांच्या घशाशी शुल्बसूत्रं आली, अभ्यासाचं महत्त्व आलं, स्वतःचं मॅट्रिकचं मार्कपत्रही आलं. त्यांनी ओठ दाताखाली धरला. संध्यानं कागद ओढला आणि पायथागोरसच्याच सिद्धांतावरचं गणित मोठ्यानं बोलत सोडवायला घेतलं. तिसऱ्याच ओळीत चूक होती. ती त्यांना दिसली आणि खुर्चीचा हात त्यांनी गच्च धरला.

"...सो दीज टू आर इक्वल. वेट. नो, दे आर नॉट." तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि गणित सुटलं. मग तिनं जॉमेट्रीच्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. दिगंबररावांना हसू आवरेना. आपली मुलगी इतकी गमती आहे, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, याची त्यांना लाज वाटली.

चौथ्या दिवशी ती निरोप नसतानाही आली. पाचव्या दिवशी केराचा डबा रिकामा करताना तिला चुरगळलेली चिठ्ठी सापडली.

"आई! ही इज नॉट अँग्री! हे त्या ग्रीक माणसाचं मौन आहे!"

मालिनीनं चिठ्ठीतला मौनाचा खुलासा आणि ते सुटायची वेळ वाचली आणि कपाळाला हात लावून हसत सुटली. उरलेल्या वालांचं बिरडं तिनं त्याच संध्याकाळी केलं. हा समेट होता, खा नाहीतर नका खाऊ.

जेवताना संध्या स्कूलबसमधल्या भांडणाची गोष्ट सांगत होती. मध्येच मालिनीनं घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, सात वाजले. बोला आता."

संध्या वाक्याच्या मध्यातच थांबली. तिनं चमचा खाली ठेवला आणि मान ताटात घातली. दिगंबररावांनी ते पाहिलं. पाच दिवसांचं बोलणं त्यांच्या ओठांशी येऊन उभं होतं. पायथागोरस, वाल, बावन्न मार्क, सगळं. त्यांनी तोंड उघडलं.

मग वाटी ओढली, बिरड्याचा मोठा घास तोंडात कोंबला आणि हातानं लेकीला खूण केली, पुढे सांग.

संध्यानं चमचा पुन्हा उचलला. "सो एनीवे," ती म्हणाली.

तिची गोष्ट संपेपर्यंत दिगंबररावांनी तीनदा बिरडं वाढून घेतलं.