जाळीच्या टोप्या

कॉलेजात मी फुटबॉल खेळायचे. लग्नानंतर तो सुटला, आणि पुढे टीव्हीवर मॅच लागली तरी मी चिडून उठून जायचे. परवा मात्र लेकीने हट्टाने महिलांच्या जिल्हा स्पर्धेची फायनल बघायला नेलं.

एका बाजूला शहरातला नावाजलेला क्लब, दुसऱ्या बाजूला पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या बायका. त्या केसांवर कामावरच्याच जाळीच्या टोप्या घालून उतरल्या. लोक हसले. मी म्हटलं, झालं, आता फजिती बघायची.

पण टेम्पो भरताना क्रेट कसे हातोहात पुढे जातात, कुणी धरून ठेवला की रांग तुंबते, तसाच त्यांचा बॉल चालला होता. पायाला लागला की "घे!", पुढचीच्या पायाला लागला की पुन्हा "घे!" क्लबच्या मुली नुसत्या मागे धावत राहिल्या. शेवटी शेवटी गोल झाला आणि कप पिंपळगावला गेला. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

त्यांचा जल्लोष चालू असताना बॉल घरंगळत माझ्यापाशी आला. लेक म्हणाली, "आई, उचलून दे ना."

उचलून? फुटबॉल काय हाताने द्यायचा असतो? साडीच्या निऱ्या वर धरल्या, "घे!" म्हणून ओरडले आणि लाथ मारली. बॉलच्या पुढे माझी चप्पल गेली.

एक टोपीवाली चप्पल घेऊन आली. "लय जोरात मारली ताई. गुरुवारी आमची सुट्टी राहते, खेळायला या. पण बूट घालून या."