आठ घरांचं पाणी

नारायण पंतोजींवर अन्याय झाला तो बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात, कापसाच्या तेजीतल्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर चावडीवर. करणारे आम्ही. ते अमरावतीस वारल्याचं गेल्या महिन्यात अकोल्याच्या कापूसबाजारात कळलं, आणि तेव्हापासून तांब्या तोंडाला लावला की ती चावडी आठवते.

पंतोजी शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशाने चाळीस चौकोन काढत. एक चौकोन म्हणजे एक घर. कापूस पेरणाऱ्या घरात सरकी ठेवायची, भाजीपाला लावणाऱ्या घरात चिंचोका. काही घरांत दोन्ही. ती घरं दोनदा मोजायची नाहीत, एवढंच ते शिकवत. त्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे बैल पाणी पिऊन पिऊन गावविहिरीनं तळ दाखवला, तेव्हा त्यांनी नवं गणित घातलं : घरं चाळीस. गावविहिरीचं पाणी भरणारी तीस, त्यांत सरकी; वेशीबाहेरच्या विहिरीचं भरणारी अठरा, त्यांत चिंचोका. दोन्हींचं भरणारी किती?

"आठ!" मीच ओरडलो. शेजारचा गणपत म्हणाला, "पन पंतोजी, वेशीबाहेर तं दहाच घरं हायेत. मंग हे आठ कोनाचे?"

गणित घरोघर पोचलं. सकाळी चावडीवर पाटील कडाडले, "आमच्या बाया त्या इहिरीवर जातेत म्हनता? नावं सांगा, नाही तं गनित खोटं म्हना!"

"नावं मी सांगनार नाही. अन् गनित खोटं नाही."

"कावून नाही सांगत?"

"ज्यायचं त्यायनं सांगावं, पाटील."

मग त्या विहिरीचं पाणी आमच्या घरात येत नाही, अशा शपथा झाल्या. पहिली पाटलांचीच. तिसरी माझ्या बाबांची. मी त्यांच्या मागे उभा होतो. आदल्या सांजेला वेशीबाहेरून घागर मीच आणली होती. दूर उभी असलेली सखूबाई, त्याच वेशीबाहेरची, म्हणाली, "आमच्या इहिरीनं तं कोनाची जात पुसली नाही, बापा." तिला हाकललं. पंतोजींची शाळा त्याच दिवशी गेली.

पुढे अमरावतीत त्यांना भेटलो. मी तोवर व्यापाऱ्यांवर, सरकारवर पत्रकं छापू लागलो होतो. त्यांनी एकूण एक वाचली होती. "झ्याक लिहितं बे तू. सगळ्यायले झोडपतं. ते आठ कोन, हे कधी लिहिशीन?" मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत.

परवा अमरावतीला त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, अजून जमीन सारवलेली नाही. तिथंही त्यांनी काढलेले चाळीस चौकोन तसेच आहेत. आठांत सरकी आणि चिंचोका शेजारी शेजारी. शेवटपर्यंत त्यांनी एकाही चौकोनावर नाव घातलं नव्हतं. मी खाली बसलो, कोळसा घेतला आणि त्या आठांतल्या एकात आमचं आडनाव लिहिलं. सात अजून कोरे आहेत.

वाचणाऱ्यांनो, दोन विहिरी तुमच्याही गावात आहेत. मांडा चौकोन. शेजाऱ्याच्या दाराकडे बघू नका. पहिला चिंचोका आपल्या घरात ठेवा, आणि कुणाचं पाणी पिऊन जगलात ते उद्या चावडीवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा.