घडी घातलेला सदरा

जुन्या काळातल्या गुप्तहेराची मालिका दुपारी तीनला पुन्हा दाखवतात. नागझिऱ्याजवळच्या गोरेगावची रुख्मा ती चौथ्यांदा बघत होती.

"आई, खुनी कोन ते त माहीत हाये ना तुमाले?" सून नूतन म्हणाली.

"खुनी घाल चुलीत! तो इचारते कसा, ते पाहून राहिली मी."

काळी मोटार, काळ्या फोनचा जड रिसीव्हर, सगळं छान होतं. पण रुख्माला ओढ होती त्या माणसाच्या प्रश्नांची. तिच्या घरात कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचा भाऊ इंद्रकुमार मावसभाऊ जागेश्वरबरोबर नागझिऱ्यात चारोळीची फळं तोडायला गेला. परतला एकटा जागेश्वर, दुसऱ्या दिवशी, भावाचा सदरा घेऊन. वाघानं नेलं म्हणाला. अभयारण्यात चोरून शिरलेले, तक्रार कोण करणार? पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला तो सदरा घालून जाळला, मोकळे झाले. चाळीस वर्षं रुख्माच्या झोपेत वाघ येत राहिला.

त्या दुपारी पडद्यावरच्या हेरानं मेलेल्याचा कोट उलटापालटा करून विचारलं, "रक्त कुठे आहे?"

रुख्माच्या हातातला कप तसाच राहिला. शेजारच्या खुर्चीत जागेश्वर होता. तोही रोज यायचा मालिका बघायला.

"दादा, सदऱ्याले रगत काऊन नोहोतं?"

"कोनत्या सदऱ्याले?"

"इंद्राच्या. फाटलाबी नोहोता. घडी होती त्याले. वाघ घडी करते का?"

जागेश्वर पडद्याकडेच बघत म्हणाला, "उशाले देल्ली होती मी, बाई. झाडावरून पडला. कंबर मोडली. उचलता येयेना. मानसं आनतो म्हनलं अन् निंगालो. वाटेत गार्ड दिसले, त लपलो. सकाळी गेलो त सदराच होता."

"म्हंजे जिता होता."

"होता."

"पानी मांगलं होतं का त्यानं?"

जागेश्वरनं मान हलवली. हो म्हणून. नूतननं घाईघाईनं टीव्ही बंद केला. कशासाठी, तिलाच ठाऊक.

खरं कळलं की मन हलकं होतं म्हणतात. थापा आहेत. वाघ बरा होता, तो एका झडपेत नेतो. आता रुख्मा डोळे मिटते तेव्हा इंद्रकुमार दिसतो, जिवंत, मान वळवून पायवाटेकडे बघत पडलेला.